गोळीत सगळं आहे तर भाजी कशाला?

पत्र असं आहे:

"ताई, मी २७ वर्षांचा, गाव बार्शीकडचं, नोकरी हिंजवडीत. आम्ही चौघं फ्लॅटवर राहतो. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी कँटीन नाहीतर वडापाव, रात्री डबा येतो, त्यातली भाजी बटाट्याची नाहीतर फ्लॉवरची, तीही अर्धी टाकली जाते. घर माळकरी, त्यामुळे अंडंसुद्धा कधी तोंडाला लावलेलं नाही. दोन महिने झाले तळपायाला मुंग्या येतायत, संध्याकाळी अंगात त्राण राहत नाही, सारखं तोंड येतं. रिपोर्ट केला तर बी १२ आलं १४८ आणि डी ११. वर्षभर मी ऑनलाइन मागवलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळी आठवेल तेव्हा घेतोय, डबीवर लिहिलंय रोजच्या गरजेच्या १०० टक्के. आई फोनवर म्हणते गोळ्या खाऊन कुणी जगत नाही, पालेभाजी खा. पण तिचं स्वतःचं बी १२ पण कमीच आलं होतं, आणि वडिलांना शुगर आहे. मला एवढंच विचारायचंय की शरीर एवढं हुशार आहे तर व्हिटॅमिन स्वतः का बनवत नाही, आणि गोळीत सगळं आहे तर भाजी कशाला? मी बरोबर की आई? ता. क. आवळा सुपारी चालेल का?"

तुला तू म्हणते, माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे आणि तोही असाच चार पोरांबरोबर वाकडला राहतो, त्यामुळे तुमच्या ओट्यावर काय असेल ते मला न बघता दिसतंय. प्रश्न चांगला विचारलायस, सावकाश उत्तर देते, पण व्हिटॅमिनचं सगळं नंतर, आधी मुंग्या.

बी १२ इतकं खाली आणि तळपायाला मुंग्या, हे दोन्ही एकत्र असेल तर नसांवरचं आवरण खराब व्हायला लागलेलं असू शकतं. रक्त कमी झालं तर ते भरून काढता येतं, नसांचं तसं नाही, फार दिवस अंगावर काढलं तर झालेलं नुकसान सगळं भरून येईलच याची खात्री नसते. म्हणून याच आठवड्यात डॉक्टरकडे जा, रिपोर्ट बरोबर घे, इंजेक्शन द्यायचं की गोळी, किती दिवस, ते त्यांना ठरवू दे. आणि कुणा मित्रानं सांगितलं म्हणून नुसती फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मनानं सुरू करू नको. फॉलिक आणि बी १२ रक्त बनवायच्या कामात जोडीनं असतात, एकटं फॉलिक घेतलं की रक्ताचा रिपोर्ट सुधारल्यासारखा दिसतो, सगळे निर्धास्त होतात, आणि आत नसांचं बिघडणं चालूच राहतं. ते नको. आज फोन करून अपॉइंटमेंट घे आणि मग पुढचं वाच.

आता शरीर स्वतः का बनवत नाही. माझ्या माहेरी परड्यात शेळी असायची. तिनं जन्मात लिंबू खाल्लं नाही, पेरू खाल्ला नाही, उन्हाळ्यात तर वाळका पाला नाहीतर कडबा, तरी तिच्या हिरड्यांतून कधी रक्त आलं नाही. कारण शेळीचं लिव्हर साखरेपासून व्हिटॅमिन सी स्वतः बनवतं, दिवसाला काही ग्रॅम. कुत्रा बनवतो, मांजर बनवतं, गाय बनवते. आपण नाही बनवत, माकडं नाही बनवत, गिनीपिग नाही बनवत. म्हणजे गंमत बघ, सी बनवायच्या ज्या पायऱ्या आहेत त्यातल्या शेवटच्या पायरीचा जीन आपल्यातही आहे, फक्त तो मोडका आहे. काही कोटी वर्षांपूर्वी आपले पूर्वज झाडावर राहून रोज फळं आणि पाला खात होते तेव्हा तो मोडला आणि मोडलेला कुणाला कळलाही नाही, कारण सी ताटात येतच होतं. घरी दुधाचा रतीब रोज बिनचूक येत असेल तर दावणीला म्हैस कोण बांधून ठेवतंय? सांभाळायचा खर्च वाचला. अडचण कधी होते, तर रतीब बंद होतो तेव्हा. महिनोन्‌महिने समुद्रात बिस्किटं आणि खारवलेलं मांस खाऊन राहणाऱ्या खलाशांचा रतीब बंद झाला आणि त्यांच्या हिरड्या सडल्या, जुन्या जखमा उघडल्या, माणसं मेली. तुझा रतीब हिंजवडीला शिफ्ट झाल्यावर बंद नाही झाला, पण आटला.

म्हणून "शरीर एवढं हुशार असून" हा तुझा प्रश्न मी जरा फिरवते. जे बाहेरून रोज मिळतंय ते घरी बनवत न बसणं हीच त्याची हुशारी होती. आणि सगळंच काही ते बाहेरून मागत नाही. डी ते कातडीत बनवतं, ऊन मिळालं तर. बी ३ मधलं थोडं ते डाळीतल्या प्रोटीनपासून बनवून घेतं. के चा थोडा भाग आतड्यातले जंतू बनवून देतात, नवीन जन्मलेल्या बाळाच्या पोटात ते जंतू अजून रुळलेले नसतात आणि आईकडूनही के फार थोडं आलेलं असतं, म्हणून तर बाळाला जन्मल्याबरोबर के चं इंजेक्शन देतात. एकूण तेरा व्हिटॅमिन्स आहेत, ए, सी, डी, ई, के आणि आठ बी, आणि या तेरांत साम्य एवढंच की शरीराला ती लागतात चिमूटभर, आणि शरीर ती बनवत नाही किंवा पुरेशी बनवत नाही. बाकी रासायनिकदृष्ट्या एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.

चिमूटभर कशाला लागतात? विरजण घे. पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण लागतं, ते चमचाभर काही कुणाचं पोट भरत नाही, पण ते नसेल तर दुधाचं दही होत नाही. व्हिटॅमिनचं काम साधारण तसलं आहे. बी १ घे. तू भात खाल्लास, पोळी खाल्लीस, त्याची साखर झाली, त्या साखरेतून पेशीला ताकद काढायची तर मधे एका टप्प्यावर बी १ लागतंच, ते नसेल तर साखर तिथेच अडते. म्हणजे ताकद भाकरीत आहे, गोळीत नाही, गोळीत शून्य कॅलरी. बी १ फक्त ती भाकरी कामाला लावतं. लोकांना वाटतं व्हिटॅमिनची गोळी घेतली की अंगात ताकद येते, कमतरता असेल तर येते, नसेल तर काहीही येत नाही, बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते ना, ते जास्तीचं बी २ बाहेर पडत असतं.

आणि ताट भरलेलं असूनही हा विरजणाचा चमचा गायब असू शकतो हे कोंबड्यांनी दाखवलं. ख्रिस्तियान आइकमन नावाचा डच डॉक्टर १८९० च्या आसपास जावा बेटावर बेरीबेरीचा जंतू शोधत होता. पायातली ताकद जायची, माणूस लुळा पडायचा. त्याच्या प्रयोगातल्या कोंबड्या तशाच लुळ्या पडल्या, आणि मग अचानक आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तर मधल्या काळात त्यांना लष्करी हॉस्पिटलच्या मुदपाकखान्यातला पांढरा, पॉलिश केलेला तांदूळ मिळत होता, नवीन आचारी आला त्यानं तो द्यायला नकार दिला, कोंबड्यांना परत कोंडा असलेला तांदूळ मिळायला लागला आणि त्या उभ्या राहिल्या. जंतू कुठेच नव्हता. कोंड्याबरोबर बी १ टाकून दिलं जात होतं. आपल्या आज्या हातसडीचा तांदूळ खायच्या, त्यांना बी १ हे नाव माहीत नव्हतं तरी ते पोटात जात होतं.

आता मुंबईची गोष्ट सांगते, कारण तुझ्या "गोळीत सगळं आहे" ला माझं खरं उत्तर त्यात आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून काम करायची. काम काय, तर इथल्या गरोदर बायकांचं रक्त एवढं कमी का होतंय, त्यात त्या मरतायत का, ते शोधायचं. या बायका कोण, तर गिरण्यांत राबणाऱ्या, गरीब घरच्या. म्हणजे दिवसभर गिरणीत उभं राहायचं, घरी येऊन चूल, पोटात बाळ, आणि ताटात जे उरेल ते. विल्सनं आधी जंतुसंसर्ग आहे का बघितलं, तसं काही निघालं नाही, मग ती या बायका खातात काय याच्या मागे लागली. असं दिसलं की ज्यांच्या जेवणात भाजी-फळं-दूध असं काही नाहीच त्यांच्यात हा आजार जास्त. मग तिनं उंदरांना तसलं जेवण देऊन बघितलं, नंतर माकडांना. एक माकड फार आजारी पडलं तेव्हा तिनं त्याला मार्माइट चारलं, हे म्हणजे यीस्टपासून केलेलं एक काळं खारट चाटण, इंग्रज लोक पावाला लावून खातात, स्वस्तातली वस्तू. माकड सुधारलं. मग बायकांना दिलं, त्याही सुधारल्या. १९३१ मध्ये तिनं हे छापलं. पण त्या चाटणात नेमकं काय आहे ते तिला माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं, म्हणून त्याला नुसतं विल्स फॅक्टर म्हणायला लागले.

पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सासला काही शास्त्रज्ञांनी चार टन पालक घेऊन, तो आटवत, गाळत, त्यातून एक पदार्थ अगदी थोडासा वेगळा केला. पानातून निघालं म्हणून लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून नाव दिलं फॉलिक अ‍ॅसिड. मग १९४५ च्या सुमारास ते कारखान्यात बनवता यायला लागलं, आणि त्या कंपनीत हे काम ज्याच्या हाताखाली झालं तो आपला आंध्रच्या भीमावरमचा येल्लाप्रगडा सुब्बाराव, भारतात त्याचं नाव फार कमी जणांना माहीत आहे याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता तू विचार कर. १९३१ साली मुंबईत सगळ्यात भारी गोळी, सगळ्यात महाग टॉनिक विकत घेऊन त्या बायकांना दिलं असतं तरी त्यात फॉलिक घालता आलं नसतं, कारण त्याला अजून नावच पडलं नव्हतं. पण भायखळ्याच्या बाजारात मेथीच्या जुडीत ते होतं, पालकात होतं, हरभऱ्यात होतं, शेंगदाण्यात होतं. गोळीत फक्त तेवढंच घालता येतं जे माणसाला सापडलंय. मेथीच्या जुडीला काय सापडलंय आणि काय नाही याच्याशी देणंघेणं नाही, तिच्यात जे आहे ते आहे. तुझ्या डबीवरचे १०० टक्के हे डबीवर लिहिलेल्या यादीचे १०० टक्के आहेत, ताटाचे नाहीत. फायबर त्यात नाही, प्रोटीन नाही, पोटॅशियम नावापुरतं, आणि पानाफळांत जे शेकडो पदार्थ असतात ते तर नाहीतच.

आणि एखादा चांगला पदार्थ ताटातून उचलून एकटाच गोळीत घातला की तो तसाच वागेल असंही नाही. गाजर-पालक जास्त खाणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर कमी दिसायचा, म्हणून फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर मोठा अभ्यास केला, त्यातल्या काहींना रोज गाजरातल्या बीटा कॅरोटीनची गोळी दिली, वर्षानुवर्षं. १९९४ मध्ये निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत कॅन्सर कमी तर झाला नाहीच, उलट १८ टक्के जास्त निघाला. गाजर खाऊन असं होत नाही. मला हा निकाल पहिल्यांदा वाचला तो दिवस आठवतो, त्यानंतर मी कुणालाही "घ्या हो, गोळीनं नुकसान तर काही नाही ना" असं म्हटलेलं नाही.

नुकसानाचं जवळचं उदाहरण सांगते. आमच्या सोसायटीतले एक काका, डी कमी आलं म्हणून डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी लिहून दिली, आठवड्याला एक, दुधातून. मेडिकलमध्ये चिठ्ठी नीट वाचली गेली नाही, पाकिटावर पेनानं १-०-० लिहून दिलं, काकांनी रोज सकाळी एक सुरू केली. गोड लागते, त्रास काही नाही, सांधे मोकळे वाटतायत म्हणून संपल्यावर आणखी आणली. दीड-दोन महिन्यांनी भूक मेली, उलट्या, पोट साफ होईना, तहान एवढी की रात्री उशाला दोन तांबे. रक्तात कॅल्शियम भयंकर वाढलेलं आणि किडनीवर ताण आलेला. आठ दिवस अ‍ॅडमिट होते. काकूंनी मला तो पुड्यांचा रिकामा खोका आणून दाखवला, आणि त्या मला विचारत होत्या की अहो व्हिटॅमिनच होतं ना हे. सी आणि बी जास्त झालं तर बरंचसं लघवीतून जातं, पण ए आणि डी चरबीत विरघळतात, शरीरात साठत राहतात, रोज ओतत राहिलं की साठून साठून विष होतं. तुझं डी ११ आहे म्हणजे तुलाही बहुतेक हीच पुडी लिहून देतील. चिठ्ठी स्वतः वाच, आठवड्याचा वार ठरव, मोबाइलवर रिमाइंडर लाव.

इथपर्यंत वाचून तुला वाटेल ताई आईच्या पार्टीत गेल्या. तसं नाहीये. बी १२ च्या बाबतीत तुझी आई चुकतेय, आणि हे तिला तूच सांग, प्रेमानं. पालेभाजी किलोभर खाल्ली तरी बी १२ मिळत नाही. बी १२ झाड बनवत नाही आणि गायही बनवत नाही, ते बनवतात फक्त जंतू. गाय-म्हैस रवंथ करते, तिच्या पहिल्या पोटात जे जंतू असतात ते बी १२ बनवतात, ते पुढे आतड्यात शोषलं जातं, दुधात उतरतं. आपल्याही पोटात बी १२ बनवणारे जंतू आहेत, पण ते मोठ्या आतड्यात, आणि बी १२ शोषून घ्यायची जागा त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटाला. म्हणजे माल गाडी सुटून गेल्यावर फलाटावर येतो. म्हणून ते खाण्यातूनच यायला लागतं, मांस, मासे, अंडी नाहीतर दूध. माळकरी घरात त्यातलं उरतं फक्त दूध, दही, ताक, पनीर. पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं, गरज दिवसाला दोनच्या जरा वर. आता तुझ्या दिवसातलं दूध मोज. चहात दोन चमचे. इडली आंबवलेली असते म्हणून त्यात बी १२ असतं, स्पिरुलिनात असतं, असं तुला कुणीतरी पाठवेल, त्याच्या भरवशावर राहू नको, स्पिरुलिनातलं बरंचसं आपल्या शरीराला उपयोगी पडत नाही.

हे लगेच कळत का नाही, तर लिव्हरमध्ये बी १२ चा साठा असतो, काही वर्षं पुरतो. घरी होतास तोपर्यंत दही-ताक रोज होतं, ते सुटलं, नंतर दोन-तीन वर्षं तू साठ्यावर काढलीस, आणि आता साठा संपत आला. एवढं खाली गेल्यावर दूध पिऊन ते वर आणायला फार वेळ लागेल आणि तुझ्या नसांकडे तेवढा वेळ नाही. म्हणून इथे गोळी किंवा इंजेक्शनच. आणि गोळीवर १५०० मायक्रोग्रॅम वाचून घाबरू नको, गरज दोनची आणि हे १५०० कशाला असं वाटेल. पोटात बी १२ ला हात धरून आत नेणारं एक प्रोटीन असतं, ते एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नेऊ शकतं, बाकीच्यातलं कसंबसं एक टक्का आपलं आपण आत झिरपतं. म्हणून गोळी मोठी. तुझ्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये असतं एक-दोन मायक्रोग्रॅम, तेही तू आठवेल तेव्हा घेतोस, त्यानं तुझा खड्डा भरणार नव्हताच. पातळी वर आली की गोळी बंद करून मोकळं होऊ नको, अंडं खाणार नसशील तर थोड्या डोसची गोळी कायम चालू ठेवावी लागू शकते, डॉक्टरांना विचार. अंडं खा असं मी म्हणणार नाही. माळ घातलेल्या घरातला तू, तो तुझा आणि तुमच्या घरचा विचार आहे, आणि गोळी त्यासाठीच आहे. ती घेण्यात कमीपणा नाही. अशीच गोळी मूल हवं असणाऱ्या बायकांना फॉलिकची लागते, तीही दिवस जायच्या आधीपासून, कारण बाळाच्या मणक्याची नळी पहिल्या २८ दिवसांत मिटते आणि तोवर कित्येकींना आपण गरोदर आहोत हेच कळलेलं नसतं. तिथे मी भाजीवर विसंबून राहा असं कुणाला सांगत नाही.

डी चंही तसंच, खाण्यातून ते फार कमी मिळतं, खरं ते उन्हातून. पण तुमच्या ऑफिसच्या काचेतून येणारं ऊन कामाचं नाही, डी बनवणारे किरण काच अडवते. आणि सकाळचं कोवळं ऊन चांगलं असं आपल्याकडे सगळे सांगतात, ते अंगाला बरं वाटतं पण त्यात हे किरण फार थोडे असतात. खूण सोपी आहे, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडायला हवी. म्हणजे साधारण ११ ते ३. जेवणानंतर मित्रांबरोबर कँपसमध्ये फेरी मारतोस ना, ती झाडाखालून न मारता बाह्या वर करून उन्हातून मार, वीस-तीस मिनिटं, आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. चैत्र-वैशाखात मात्र डोकं झाक आणि पाणी पी.

बाकी जे काही आहे त्यात आई शंभर टक्के बरोबर. आणि त्यासाठी तुला स्वयंपाक शिकायची पण गरज नाही. मटकी रात्री भिजत घाल, सकाळी उपसून फडक्यात बांध, दुसऱ्या दिवशी मोड. कोरड्या मटकीत सी जवळजवळ नसतंच, मोड आले की येतं, म्हणजे तुझ्या ओट्यावर ते तयार होतं. कच्चीच थोडी कांदा-लिंबू घालून खा, बाकीची कुकरला. डबेवाल्या मावशींना सांग आठवड्यातून तीन दिवस पालेभाजी द्या, पैसे वाढवून मागतील, दे. गेटबाहेर पेरूवाला उभा असतो, एका पेरूत दिवसाचं सी भरून वर उरतं, वडापाव खाल्लास तरी नंतर पेरू खा. पोह्यांवर लिंबू पिळायचं ते खाली उतरवल्यावर, कढईत नाही, उष्णतेनं सी जातं. आणि ते लिंबू फक्त चवीला नसतं बरं का, पोह्यातलं, डाळीतलं, पालेभाजीतलं लोह त्या लिंबामुळे जास्त शोषलं जातं, आणि वर लगेच चहा घेतलास की कमी शोषलं जातं, म्हणून चहा तासभर लांब ठेव. गाजराची कोशिंबीर आई कशी करते आठव, वरून तेलाची फोडणी आणि दाण्याचं कूट. गाजरातला केशरी रंग, ज्याचं पुढे शरीरात ए होतं, तो तेलाशिवाय नीट आत जात नाही. डाएट म्हणून नुसतं गाजर चावत बसणारे माझ्याकडे येतात त्यांना मी हेच सांगते, फोडणी घाला. रात्री झोपताना पेलाभर दूध, नाहीतर जेवताना वाटीभर दही, रोज, चुकवायचं नाही. तोंड येणं बहुतेक बी नीट झाल्यावर थांबेल, नाही थांबलं तर तेही डॉक्टरांना दाखव.

आईला फोन करशील तेव्हा दोन गोष्टी सांग. पालक-मेथी उकळून पाणी टाकून देत असेल तर ते टाकू नको म्हणावं, सी, फॉलिक आणि बी १ पाण्यात उतरतं आणि मोरीत जातं, त्या पाण्यात कणीक मळावी नाहीतर आमटीत घालावं. डाळ लवकर शिजावी म्हणून चिमूटभर सोडा घालत असेल तर तोही बंद, सोड्यानं बी १ मरतं. आणि वडिलांच्या शुगरच्या गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचून घे. मेटफॉर्मिन असेल, बहुतेक असेलच, तर वर्षानुवर्षं घेतल्यावर त्यानंही बी १२ कमी होतं, वर पित्ताची गोळी रोज घेत असतील तर आणखी. गोळी बंद करायची नाही अजिबात, फक्त बी १२ तपासून घ्यायचं. त्यांच्या पायाला जळजळ होत असेल तर घरात सगळे शुगरमुळे म्हणून सोडून देतात, आणि त्यातलं काही बी १२ मुळे असतं जे साध्या गोळीनं थांबलं असतं. आई, वडील, तू, तिघांचे रिपोर्ट एकत्र डॉक्टरांना दाखवलेत तर फार बरं. तुझा परत कधी करायचा ते डॉक्टर सांगतील, साधारण तीन महिन्यांनी करतात.

आवळा सुपारी चालेल, पण उन्हात वाळवताना सी बरंच जातं आणि मीठ भरपूर असतं, त्यामुळे जेवणानंतर दोन तुकडे चघळायला ठीक. कार्तिकात बाजारात ताजा आवळा येतो तेव्हा अर्धा किलो आण, किसून मीठ-जिरं लावून फ्रिजमध्ये बरणीत ठेव, रोज चमचाभर वरणभाताबरोबर घे. तुझे तिघं पार्टनर पण खातील, जास्तच आण.